खुणेचा ठिपका

हिरवीबाय कुणाच्याही तोंडाकडे आधी पाहत नसे. बाई समोर आली की तिचा डावा हात घ्यायची, उलटा करून मनगट उजेडाकडे धरायची, त्यावरून आपला अंगठा फिरवायची आणि मगच मान वर करायची. मनाजोगतं दिसलं की एकच वाक्य: "वळखू येशील गो." तिच्या लेखी यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. नवी नवरी असो की चार लेकरांची आई, सगळ्यांना तेवढंच. मी दहा वर्षांची असताना तिनं माझाही हात असाच उलटा केला आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "पोर गोरी हाय, पन कोरी हाय. हिला कोन वळखील?" वडील हसले. मला का कोण जाणे, त्या दुपारी भाकरी गोड लागली नाही.

आमचं घर पेणला. वडील शाळामास्तर, पण जितं स्टेशनाच्या पलीकडे खाडीला लागून आमची थोडी खारजमीन होती आणि भातकापणीला आम्ही सगळे तिकडे जायचो. हिरवीबायचा नवरा मिठागरावर कामाला होता. ती आमच्याकडे कापणीला यायची आणि उरलेल्या वेळात आसपासच्या खाडीकाठच्या बायकांना गोंदायची. खरं नाव तिचं तिलाच आठवायला लागायचं. मनगटापासून खांद्यापर्यंत दोन्ही हात गोंदलेले: तुळशी, विंचू, होडी, मासे, ठिपक्यांच्या रांगा. कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका, गळ्याभोवती बारीक माळ. काळ्या अंगावर तो हिरवा रंग पावसाळ्यातल्या शेवाळासारखा दिसायचा. लहान मुलं घाबरायची. मीही घाबरायचे, आणि पुन्हा पुन्हा पाहायला जायचे.

रूपाबद्दलची तिची मतं ठाम होती आणि ती कुणी विचारायची वाट पाहत नसत. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा एकदा ती पेणला आली होती. पडद्यावरच्या नटीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "धुतलेल्या पाटीसारखं त्वांड हाय. लिवलंय काय तिच्यावर?" माझी आई गोरीपान, आणि गोरेपणाचा तिला अभिमान. ती म्हणाली, "अंगावर डाग पाडून कशाला घ्यायचे गं?" हिरवीबाय शांतपणे म्हणाली, "डाग नाय वैनी, नाव हाय." आईनं मला तिच्या सुईजवळ फिरकू दिलं नाही ते नाहीच. मी कोरीच राहिले.

ती गोंदायची ते मी दुरून पाहायचे. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, करवंटीत दिव्याची काजळी आणि माक्याच्या पाल्याचा रस. गोंदताना तिचं तोंड सारखं चालू असे, म्हणजे समोरचीचं लक्ष दुखण्याकडे जायचं नाही. कुणाच्या म्हशीनं कुणाचा पावटा खाल्ला, कुणाची सून मीठ जास्त टाकते, सगळं. पण नक्षी पुरी झाली की ती गप्प व्हायची आणि नक्षीच्या बाहेर, बाजूला, एकच ठिपका द्यायची. कुणाचा अंगठ्याच्या मुळाशी, कुणाचा शिरेवर, कुणाचा पार कोपराच्या आत. दोन बायकांचा ठिपका एका जागी कधी नसे. त्याला ती खुणेचा ठिपका म्हणायची. दृष्ट लागू नये म्हणून असेल असं मला वाटायचं, आणि मी बारा वर्षांची होईपर्यंत तसंच वाटत राहिलं.

त्या वर्षी कापणी चालू असताना भर दुपारी पोलीसपाटील सायकलवरून आला. बांधावर उभा राहून त्यानं फक्त "बाय, चल" एवढंच म्हटलं. तिनं विळा खाली ठेवला आणि काही न विचारता त्याच्या मागून चालू लागली. कापणाऱ्या सगळ्या बायकांचे विळे थांबले. तासाभरानं ती परत आली. मिठागराच्या कोंडीतल्या खाऱ्या पाण्यात तिनं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, आणि म्हणाली, "पलीकडच्या गावची येसू. अंगठ्याच्या मुळाशी." मग विळा उचलून पुन्हा कापायला बसली.

परतताना वडिलांनी मला सांगितलं, सांगावं की नाही अशा बेतानं. बायका खुबे आणि कालवं काढायला खाडीच्या चिखलात लांबवर जातात. भरतीचं पाणी कधीकधी मागून येतं. माणूस चार-पाच दिवसांनी सापडतं तेव्हा त्याला तोंड राहिलेलं नसतं. वरचं कातडंही सुटतं, पण गोंदण आतल्या कातड्यात बसलेलं असतं, ते राहतं. "म्हणून तिला बोलावतात," वडील म्हणाले. मी गाडीच्या खिडकीतून खाडीकडे पाहत होते. 'वळखू येशील गो' या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला आणि मग तो कधी विसरता आला नाही.

हात दाखवून अवलक्षण असं आपण सहज म्हणून जातो. त्या काठावर ते कुणी सहज म्हणत नसे. हिरवीबायनं एखादीचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, तर ती बाई त्या आठवड्यात खाडीत उतरत नसे. काही जणी तिला पाहून हात पदराखाली घ्यायच्या. आणि त्याच बाया लेकीचं लग्न ठरलं की तिला घेऊन हिरवीबायच्या अंगणात हजर. तिला हे सगळं माहीत होतं. "मी यम नाय गो," ती म्हणायची, "त्याची कारकूनपन नाय. मी आपली बघून ठेवते." हसायचीसुद्धा. पण तिच्या हसण्यावर कुणी हसत नसे.

मग दिवस पालटले. गावात येणाऱ्या नर्सबाईनं एका सुईनं अनेकींना गोंदायचं नाही असं बजावलं, आणि हिरवीबायनं ते ऐकलं. जत्रेत यंत्रानं गोंदून देणारे बसू लागले. पोरी त्यांच्याकडे जाऊन मनगटावर बदामात अक्षरं काढून घेऊ लागल्या. माझ्या भाचीनं पेणमध्ये खांद्यावर एक पीस काढून घेतलं. ज्या माझ्या आईनं आयुष्यभर गोंदणाला डाग म्हटलं, ती म्हणाली, "नाजूक आहे हो, छान आहे." हिरवीबायनं ते पीस पाहिलं, अंगठा फिरवला आणि विचारलं, "पाखरू कुठं हाय?" भाचीनं लगेच ओढणी खांद्यावर ओढली.

दर्शना ही हिरवीबायची मुलगी. उशिरा झालेली. तिच्याआधीची दोन जगली नव्हती आणि ही पाच वर्षांची असताना नवराही गेला. तिच्या मनगटावर हिरवीबायनं ती चौथीत असताना तुळस काढली, खाली पाच ठिपके, आणि खुणेचा ठिपका करंगळीच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यावर. नर्सबाईचं ऐकून सुया ठेवून दिल्या त्याच्या आधीचं हे शेवटचं गोंदण. दर्शना हुशार निघाली. मी तोवर रोह्याच्या शाळेत शिक्षिका झाले होते. ती कॉलेजसाठी रोह्याला आली, पुढे तिथल्याच एका कंपनीच्या ऑफिसात लागली, आणि भाड्याची खोली माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. शिफ्ट सुटली की माझ्याकडे चहाला यायची. मला मॅडम म्हणायची. मला मूलबाळ नाही, आणि ती यायची त्या वेळेला मी आधण ठेवून बसायचे, हे सांगायला लाजायचं कशाला.

एका संध्याकाळी तिनं कप खाली ठेवला आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "मॅडम, हे काढतात ना?" ऑफिसात तिला खाडीवाली म्हणायचे. मुंबईच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात नोकरी मिळत होती, तिथल्या मुलाखतीत बाईनं तिच्या हाताकडे पाहिलं होतं. "लोकांनी टॅटू काढला तर चालतो," ती म्हणाली, "हा नाय चालत. हा बघितला की आमचं गाव दिसतं." मी तिला समजवायला हवं होतं. मी म्हटलं, "पनवेलला होतं म्हणे." पुढचे काही महिने मी तिच्यासोबत पनवेलच्या एका दवाखान्यात जात राहिले. ती आत असायची, मी बाहेर तिची पिशवी मांडीवर घेऊन. ती बाहेर आली की केस जळल्यासारखा वास यायचा. तुळस गेली, पाच ठिपके गेले. खुणेचा ठिपका सगळ्यात शेवटी गेला. त्या जागी हाताला लागेल न लागेल अशी एक गाठ राहिली, डोळ्यांना दिसत नव्हती. दर्शना आरशासमोर हात वळवून वळवून पाहत राहिली. मी म्हटलं, "आता आईला तू स्वतः जाऊन सांग. मुंबईला जायच्या आधी सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

ती श्रावणातल्या एका रविवारी निघाली. पौर्णिमेचं उधाण होतं आणि पाऊसही. दुपारी तिचा मेसेज आला: "निघाले. आईला आज हात दाखवते." निडी, नागोठणं, पेण, जितं, मी मनातल्या मनात स्टेशनं मोजत होते. जित्याला उतरून पुढे बांधावरून चालायचं, ती लहानपणापासून चालत आलेली वाट. त्या दिवशी त्या बांधाला खांड पडली आणि खाडी शेतात शिरली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. हिरवीबायला मी फोन केला. ती म्हणाली, "इथं नाय आली. मुंबईला गेली असंल. नोकरीचं बोलत होती ना." दर्शनाचा फोन बंद होता. हरवल्याची तक्रार आम्ही दोघींनी मिळून केली. पण मेसेजचं मी कुणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, उगीच भीती कशाला घालायची. मग वाटलं, आता फार उशीर झाला.

दहाव्या दिवशी धरमतरच्या अंगाला, कांदळवनात, एक बाई सापडली. पेणला शवागारात ओळख पटवायला बोलावलं. एवढी वर्षं इतरांसाठी जाणारी हिरवीबाय तिथे पहिल्यांदा स्वतःसाठी गेली, आणि मी तिच्याबरोबर. कॉन्स्टेबलनं चादर फक्त हातापुरती बाजूला केली. तिनं तो हात घेतला. नेहमीसारखा उलटा केला. उजेडाकडे धरला. मनगट कोरं होतं. ते मनगट का कोरं असू शकतं हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं. हिरवीबायनं अंगठा फिरवला. फार वेळ फिरवला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत होते. तिनं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कोरी हाय," ती म्हणाली. "माझी नाय."

मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चल, च्या पिऊ." आम्ही चहा प्यायलो. तिनं बिस्किटसुद्धा खाल्लं. गावात गेल्यावर बायकांनी देवापुढे साखर ठेवली की दर्शना मुंबईत सुखरूप असणार. मी रोह्याला परत आले, तेव्हापासून संध्याकाळी आधण ठेवायची माझी सवय गेली.

बेवारस माणसाला जाळत नाहीत, पुरतात. कधी कोणी आलंच ओळखणारं, तर काढता यावं म्हणून. त्या बाईला पुरलं त्या दिवशी मी शाळेत होते. नंतर पोलीसपाटलाच्या मुलानं, जो आता स्वतः पोलीसपाटील आहे, मला सांगितलं की हिरवीबाय तिथे आली होती. येताना हिरवा चुडा आणि करवंटीत काजळी घेऊन आली. त्या बाईच्या हाताशी बसली, चुडा तिथेच ठेवला, काजळीत बोट बुडवून तिच्या मनगटावर काहीतरी काढलं, आणि मग उठली. "बाय अशीच," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या मेलेल्या मानसालापन कोरं जाऊ देनार नाय." मीही स्वतःला तेच समजावलं. समजावून घ्यायचं ठरवलं की माणूस काहीही समजावून घेतो.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या घरी जायचं टाळलं. जाणं भाग पडलंच तर पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून जायचे. ती माझा हात घ्यायची, बाही वर सरकवायची, अंगठा फिरवायची, आणि काहीच म्हणायची नाही. कोरी आहेस म्हणून चिडवायचीही नाही. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशन करायला ती तयार नव्हती. "बघायचं ते बघून झालंय," म्हणायची. तिच्या अंगणात बसलं की खाडीकडून वारा यायचा आणि मला वाटायचं, आता ही विचारेल. ती विचारायची, "भात कसा झालाय?"

शेवटी गेल्या माघात मी ठरवून गेले. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाय, मला तुला एक सांगायचंय. दर्शनानं..."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

तिच्या हातात पावट्याच्या शेंगा होत्या. ती सोलत राहिली. "निघताना तिनं मला फोन केलेला. आय, म्हनाली, हात दाखवायला येतंय, रागवू नको, मॅडम सोबत होती. मी म्हटलं, ये तर खरी. मुंबईचं मी आपली मनाला समजवायला बोलली." एक शेंग सोलून झाली. "तिथं डोल्यांना काय दिसलं नाय. पन आंगठ्याला लागलं. हाडावर. मी दिलेला ठिपका हाय तो, मला नाय लागनार?"

मी विचारलं, "मग तेव्हा 'माझी नाय' का म्हणालीस?"

तिनं पुढची शेंग उचलली. "व्हय म्हटलं की ती मेली. एकटीनं व्हय म्हनायचा धीर झाला नाय गो. मी तुज्याकडं बगितलं. दोनदा बगितलं. तू बोलली असतीस तर मीपन बोलली असते."

इतक्या वर्षांत इतक्या बायकांची नावं सांगितलेल्या त्या बाईला एकाच नावासाठी सोबत हवी होती, आणि ती सोबत मी होते, आणि मी फरशी पाहत उभी राहिले. मी रडले. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग आत गेली आणि कापडात गुंडाळलेल्या सुया घेऊन आली. काजळी धरलेली होती. माका परसातला होता. सुया तिनं उकळत्या पाण्यात घातल्या, नर्सबाईचं तेवढं ऐकायचंच म्हणून. तिला दिसत नव्हतं, म्हणून तिनं डाव्या हाताच्या बोटानं माझ्या मनगटावरचं हाड शोधलं, करंगळीच्या बाजूचं. नक्षी काढली नाही. एकच ठिपका दिला. दुखलं, आणि या वेळी ती गप्पा मारत नव्हती.

"मी हाय तोवर ती हरवलेलीच राहू दे," ती म्हणाली. "मेलेली नको. मी गेली की जा आनि व्हय म्हन. म्हनशील ना?"

मी म्हणाले, म्हणेन. तिनं माझं मनगट उजेडाकडे धरलं, जणू दिसणारच होतं. "आता वळखू येशील," म्हणाली.

हिरवीबाय गेल्या महिन्यात गेली. घरातच गेली, झोपेत, उजाडायच्या सुमारास. तिला ओळखायला कुणाची गरज नव्हती. तिच्या हातांवर तर आख्खी खाडी होती. चितेवर ठेवण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या एकेक करून आल्या आणि तिच्या हातावर आपापलं गोंदलेलं मनगट टेकवून गेल्या. मी सगळ्यात शेवटी गेले.

तेरावा झाल्यावर मी पेणला जिथे त्या बाईला पुरलं होतं ती जागा पाहून आले. बाकी सगळं रान माजलेलं होतं. एका ठिकाणी मात्र हातभर चौकोनात नुसता माका लावलेला होता, दाट, कुणीतरी दर वर्षी येऊन खुरपल्यासारखा. तिथून मी चौकीत गेले. अधिकारी तरुण होता, नीट बोलला. म्हणाला, हाडांवरून तपासणी होईल, वेळ लागेल, पण मागणी करणारं आणि ओळख सांगणारं कोणीतरी लागतं. "तुम्ही तिच्या कोण?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "ती माझ्याकडे चहाला यायची." मग त्यानं फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाला, "बरं, ओळखीची खूण?"

मी बाही वर सरकवली, हात उलटा केला आणि त्याच्या टेबलावर ठेवला.